संगणक अतिवेगाने सुरू होत असल्याबाबत

गायकेकाका रोज सकाळी फिरायला जायचे ते तब्येतीसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी.

सहाला उठायचं, तोंड धुवायचं, कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि दाराला कुलूप लावून निघायचं. आमच्या सिडकोतल्या गल्लीतून बाहेर, बागेला तीन फेऱ्या, येताना दुधाची पिशवी. परत येऊन कुलूप काढलं की पडद्यावर चित्र आलेलं असायचं. नुसतं चित्र. त्यावरचा बाण हलायला आणखी वेळ लागायचा, तेवढ्यात आंघोळ. एकदा डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "या वयात साखर नाही, बीपी नाही. करता काय तुम्ही?" काका म्हणाले, "मशीन जुनं हाय." डॉक्टरांना वाटलं, गृहस्थ स्वतःच्या शरीराबद्दल बोलतायत.

आमचं घर त्यांच्या घराला लागून. लग्नानंतरही मी याच घरात राहिले, कारण नितीनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी वाळूजला आणि आई इथं एकटी. त्यामुळं काकांना मी शाळेत असल्यापासून बघतेय. एका सरकारी कार्यालयात त्यांनी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. काका सेवानिवृत्त झाले, पण त्यांची भाषा झाली नाही. "सदर आमटीत मीठ नाय." "उपरोक्त पोरगं कोणाचं हाय रे, माझ्या कुंडीत चेंडू मारणारं?" गल्लीतली एक मांजर त्यांच्या ओट्यावर झोपते, तिला ते "विषयांकित मांजर" म्हणतात. वीज गेली की खुर्ची अंगणात आणून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पुढील आदेश होईपर्यंत काळोख."

निवृत्तीनंतर त्यांनी लग्नाचे बायोडाटे करून द्यायला सुरुवात केली. फुकट. टायपिंग येत होतं, वेळ होता, आणि कार्यालयातून कोणीतरी स्वस्तात काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणून ठेवला होता. पण काकांच्या बायोडाट्याची एक अट असे. खोटं लिहायचं नाही.

माझा बायोडाटा त्यांनीच केला. आई म्हणाली, "रंग गोरा लिहा." काकांनी मला उठवून खिडकीच्या उजेडात उभं केलं, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "वहिनी, सावळा."

"निमगोरा तरी लिहा हो."

"निम्मा म्हंजे कोणता निम्मा?"

शेवटी सावळाच लिहिलं. स्वभावाच्या रकान्यात आई 'शांत व मनमिळाऊ' म्हणाली, तर काकांनी टाइप केलं : 'बोलते फार, मनात ठेवत नाय.' आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. नितीन मात्र आजही सांगतो, की आलेल्या सगळ्या कागदांत या एका ओळीमुळं तो मला बघायला आला.

सिल्लोडचे एक मक्याचे व्यापारी एकदा मुलाला घेऊन आले. म्हणाले, "निर्व्यसनी लिहा." मुलगा तेवढ्यात बाहेर जाऊन आला होता आणि खोलीत त्याच्याबरोबर तंबाखूचा वास आला होता. काकांनी नाक वर करून दोनदा हुंगलं. मुलगा खाली बघायला लागला. बाप खाली बघायला लागला. काकांनी टाइप केलं : 'निर्व्यसनी, आजपासून.' त्या मुलाचं लग्न झालं, आणि तो अजून दर दिवाळीला काकांना फोन करून सांगतो, "काका, अजून आजपासूनच चालू आहे."

शहराचं नाव बदललं तेव्हा काकांनी एकेक फाईल उघडून पत्त्यातलं गाव बदललं. फक्त लग्न न झालेल्यांचं. झालेल्यांचे बायोडाटे 'निकाली' नावाच्या फोल्डरमध्ये होते. "त्यांचं प्रकरण ज्या गावात मिटलं, त्याच गावात राहू दे," म्हणाले. त्या मशीनवर या कामाला दोन महिने लागले.

स्वतः काकांनी लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं होतं, "काका, तुमचा बायोडाटा?" तर म्हणाले, "अर्जदार आन् तपासणारा एकच असंल, तर ते प्रकरण नियमात बसत नाय." मी हसले. तेही हसले. विषय तिथंच संपला.

मागच्या मे महिन्यात काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मुलांना कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळं गल्लीतली सगळी बिघडलेली यंत्रं माझ्याकडे येतात. पण काका कधी आले नव्हते.

"मीनाक्षी," ते म्हणाले, "मशीनच्या आतून कोणीतरी दार वाजवतंय."

मी जाऊन डब्याला कान लावला. टक्. टक्. मग जरा शांत. पुन्हा टक्. मला कळलं.

"काका, हार्ड डिस्क चाललीय. आत एक तबकडी फिरत असते, सगळं लिहिलेलं तिच्यावर असतं. ती आता थकली."

"किती दिवस काढंल?"

"सांगता येत नाही. वर्षभर चालेल, नाहीतर आत्ता थांबेल."

काका खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पंधरा वर्षांचे बायोडाटे त्या डब्यात होते आणि दुसरीकडं कुठंही नव्हते. काका कागद छापून लोकांना देत, स्वतःकडे ठेवत नसत.

"नवीन डिस्क बसवता येते," मी म्हणाले. "एसएसडी म्हणतात. त्यात फिरणारं काही नसतं. आतलं सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं."

"मग उतरवू," काका म्हणाले आणि चपला घालायला लागले.

पैठण गेटच्या मागच्या गल्लीत शकीलभाईंचं दुकान आहे. आमच्या महाविद्यालयाची कामं ते करतात. काकांनी मशीनचं वर्णन केलं, तसे शकीलभाई हसले. "काका, इसमें अब कुछ नै बचा. जाऊ द्या. नवीन घ्या."

काकांनी विचारलं, "तुमचे अब्बा कसे हायेत?"

"अल्ला का करम है. मागच्या साली घुटना बदलला, आता मशिदीपर्यंत चालत जातात."

"घुटनाच बदलला ना? का अब्बाच नवीन आणले?"

शकीलभाईंनी दोन्ही हात जोडले आणि आत जाऊन डिस्क घेऊन आले. काकांनी ती तळहातावर ठेवली, वजन बघितलं, कानापाशी नेऊन हलवली.

"रिकामी दिली का?"

"काका, आत काही हलतच नै. बैठे-बैठे काम करती है."

"बैठे-बैठे काम करणारे आमच्या कार्यालयात लई होते," काका म्हणाले. "त्यांच्या टेबलावरून काही लवकर निघालेलं मी पाह्यलं नाय."

शकीलभाई म्हणाले, मशीन आणून द्या, दोन दिवसांत करून देतो. इथं काका एकदम सरळ उभे राहिले. "नाय. दस्तऐवज कार्यालयाबाहेर जात नाय." मला वाटलं नेहमीची गंमत. पण परत येताना रिक्षात ते हळू आवाजात म्हणाले, "शकील भला माणूस हाय. पण त्याच्यात पोरींचे फोन नंबर हायेत. पत्ते हायेत. कोणाचं पहिलं लग्न मोडलेलं हाय, कोणाला पांढरे डाग हायेत. मला विश्वासानं सांगितलंय त्यांनी. मी काय म्हणून दुकानात ठेवू?"

तेव्हा ठरलं, की जे करायचं ते काकांच्या घरात, त्यांच्याच टेबलावर.

काकांनी एक वही सुरू केली. पहिल्या पानावर 'कार्यवाही' असं लिहिलं. डबा उघडला तर आत धुळीचा जाड थर आणि पालीच्या अंड्याची दोन टरफलं. काकांनी रंगाच्या नव्या ब्रशनं कोपरान् कोपरा झाडला. मग प्रत्येक वायरला दोरा बांधून कागदाची चिठ्ठी लावली, वहीत तिचं चित्र काढलं, कुठून निघाली, कुठं गेली. मी म्हणाले, "काका, वायर चार आहेत." तर म्हणाले, "चारच हायेत म्हणूनच चूक झाली तर लाज वाटंल."

एक स्क्रू निघेना. त्याची खाच झिजून गेली होती. मी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. म्हटलं, जुनी डिस्क राहू दे तिथंच, नवी बाजूला लटकवू. काका खाली बसले, स्क्रूवर तेलाचा थेंब टाकला आणि वाट बघितली. फिरवला. पुन्हा थेंब. मी घरी जाऊन वरणाचा कुकर लावून, पोळ्या करून परत आले, तरी ते तिथंच. शेवटी स्क्रू निघाला, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "प्रकरण मार्गी लागलं."

नवी डिस्क इतकी लहान, की जुनीच्या जागेत ती खुळखुळायला लागली. तिच्यासाठी पट्टी मिळते, ती आणायची राहिली होती. मी पुन्हा पैठण गेटला जायला निघाले, तर काकांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली, तिच्यातली कागद धरायची पत्र्याची पट्टी वाकवली आणि त्या पट्टीला डिस्क फाईलच्या हिरव्या टॅगनं बांधून टाकली. गाठ अशी मारली, की डबा उलटा केला तरी हलणार नाही. मला मनातून हसू आलं. कार्यालयातली शेवटची फाईल त्यांनी कॉम्प्युटरच्या पोटात बांधली होती.

मग खरी लढाई सुरू झाली. जुन्या डिस्कवरचं सगळं एका दमात नव्या डिस्कवर उतरवायचं, असा माझा बेत होता. अर्ध्याच्या पुढं काम गेलं आणि थांबलं. टक् टक् वाढलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबलं. मी म्हणाले, "काका, पुण्याला असं काम करणारे खास लोक असतात." त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी बेत बदलला. नव्या डिस्कवर विंडोज नव्यानं टाकलं, जुनी डिस्क नुसती जोडून ठेवली आणि एकेक फोल्डर हातानं आणायला लागलो. तेव्हा एक गोष्ट काकांच्या लक्षात आली, माझ्या नाही. डिस्क थंड असताना साधारण वीस मिनिटं नीट वागायची. तापली की टक् टक् करत पडद्यावरून दिसेनाशी व्हायची. काकांनी वहीत वेळापत्रक आखलं. वीस मिनिटं काम, एक तास विश्रांती. मे महिन्याचं ऊन, खोलीवरचे पत्रे तापलेले. वरचा पंखा धूळ उडवतो म्हणून बंद. घरातला एकुलता एक टेबलफॅन उघड्या डब्याकडं तोंड करून डिस्कला वारा घालत होता, आणि काका बनियनवर, खांद्यावर ओला पंचा टाकून समोर बसलेले. मी म्हणाले, "काका, पंखा जरा तुमच्याकडं फिरवा." तर म्हणाले, "मला काय होतंय? मी अजून दार वाजवत नाय."

असे पाच दिवस गेले. सकाळी मी यायचे, कॉलेजला सुट्टीच होती. आलेली प्रत्येक फाईल उघडून बघायची, नीट दिसते का. काका नाव वाचायचे आणि वहीत खूण करायचे. नावाबरोबर त्यांना माणूस आठवायचा. "ही पोरगी चांगली चित्रं काढायची." "ह्याला तीनदा नकार आला, मग चौथीनं स्वतःहून विचारलं." "हिच्या वडलांनी मला कोरडवाहूतली ज्वारी आणून दिली व्हती." मी इतकी वर्षं शेजारी राहून एवढ्या गोष्टी ऐकल्या नव्हत्या.

शेवटी एकच फाईल उरली. पैठणच्या एका मुलीची. कितीही वेळा ओढली, येईना. सहाव्या दिवशी दुपारी मी म्हणाले, "काका, एकच आहे. तिच्या आईला फोन करा, पुन्हा टाइप करू."

"जन्मवेळ तिच्या आईला नाय माहीत," काका म्हणाले. "बापानं सांगितली व्हती. दवाखान्याच्या बाहेर उभा व्हता, तव्हा घड्याळ बघितलं व्हतं, म्हणाला. अचूक. चार वाजून सतरा मिनिटं का सात मिनिटं, ते मला आठवत नाय. आन् बाप आता नाय."

काकांनी जुनी डिस्क डब्यातून बाहेर काढली, ओला पंचा पिळून त्याची घडी केली, वर कोरडं प्लास्टिक, आणि डिस्क त्यावर ठेवून दोन तास तिच्या बाजूला बसून राहिले. मग पुन्हा जोडली. मी फाईल ओढली. पडद्यावरची हिरवी पट्टी थांबली. काका पडद्याकडं न बघता डिस्कवर हात ठेवून होते, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. पट्टी हलली. थांबली. आणि पुढं गेली.

मी फाईल उघडली. "चार वाजून सात मिनिटं," मी वाचलं.

"सात," काका म्हणाले. वहीत खूण केली आणि मग त्यांनी पहिल्यांदा कपाळाचा घाम पुसला.

ती जुनी डिस्क त्यानंतर सुरू झाली नाही.

संध्याकाळी आम्ही डबा बंद केला. सगळे स्क्रू, झिजलेल्याच्या जागी नवा. काकांनी बटण दाबलं आणि सवयीनं चपला शोधायला दाराकडं वळले. मी म्हणाले, "काका, झालं."

"काय झालं?"

"सुरू झाला."

ते परत आले, पडद्याकडं बघितलं, बाण हलवून बघितला. मग म्हणाले, "बंद कर." मी केला. "आता चालू कर." केला. घड्याळ बघत होते. वीस सेकंद. "पुन्हा." असं चार वेळा झालं. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'कार्यवाही पूर्ण,' आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला आमच्या दारावर थाप. काका उभे. "मशीन चालू झालं," म्हणाले. "आता मी काय करू?" आईनं त्यांना आत बोलावून चहा दिला. नंतर ते पुन्हा फिरायला जायला लागले, कॉम्प्युटर बंद ठेवून.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि माझं त्यांच्याकडं जाणं कमी झालं. एका रविवारी दुपारी आमच्या दाराच्या फटीतून एक लिफाफा आत आला. वर काकांच्या अक्षरात जावक क्रमांक. आत छापील अर्ज :

'विषय : संगणक अतिवेगाने सुरू होत असल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, नवीन डिस्क बसविल्यापासून सदर संगणक वीस सेकंदांत सुरू होत आहे. त्यामुळे बायोडाटा पाच-सात मिनिटांत पूर्ण होतो व अभ्यागत तत्काळ निघून जातात. करिता, सदर वेग काही प्रमाणात कमी करता येईल किंवा कसे, याबाबत आपला अभिप्राय द्यावा, ही विनंती.'

मी हसत हसत नितीनला वाचून दाखवलं. तोही हसला. मग त्यानं विचारलं, "अभ्यागत निघून जातात, म्हणजे?"

मी अर्ज घेऊन तशीच शेजारी गेले.

दार उघडं होतं. काका टेबलापाशी बसले होते, कॉम्प्युटर सुरू, पुढं काहीच नाही. टेबलाच्या कडेला दोन भरलेले कप. चहावर साय आलेली.

"अर्ज मिळाला?" त्यांनी विचारलं.

"मिळाला. कोण आलं होतं?"

"बीड बायपासकडचे एक जण, मुलीला घेऊन. मी चहा टाकायला आत गेलो, तर मुलीनंच माझ्या खुर्चीत बसून सगळं भरून टाकलं. मी म्हणालो, बसा, चहा होतोय. म्हणाले, 'काका, किती फास्ट आहे हो तुमचं, खूप वेळ वाचला.' मी कप घेऊन बाहेर आलो तर गेटचा आवाज आला."

मला वाटलं ते आता काहीतरी कार्यालयीन बोलतील. पण त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला.

"पंधरा वर्षं, मीनाक्षी. मशीन चालू व्हायला अर्धा तास, फाईल उघडायला पाव तास. माणसं बसायची. घरचं बोलायची, गावचं बोलायची. विहिरीला पाणी किती हाय, बहिणीचं कसं चाललंय. आपण आपलं ऐकायचं, दोन शब्द सांगायचे. मला वाटायचं, माझ्याशी बोलायला थांबतात." त्यांनी डब्यावरचा हात काढला. "मशीनसाठी थांबत व्हते."

मी बोलते फार, ते तर लेखी आहे. पण त्या वेळी मला एक शब्द सुचेना. कॉम्प्युटर हळू करण्याचे दोन-तीन उपाय मला माहीत होते, ते मी गमतीत सांगणार होते. मी कप उचलले, आत नेऊन विसळले आणि परत येऊन बसले.

तेवढ्यात गेट वाजलं. पन्नाशीची एक बाई, खांद्याला कापडी पिशवी, पायावर प्रवासाची धूळ. "गायके सायबाचं घर ह्येच का?"

ती फर्दापूरची होती. लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिची भाजलेल्या कणसांची गाडी होती. मुलाचा कागद करायला आली होती. काका एकदम सावरून बसले, चष्मा लावला. नाव, शिक्षण, उंची. मुलाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता, तो मी आणून बसवला.

"स्वभाव?" काकांनी विचारलं.

"चांगला हाय की."

"चांगला म्हंजे कसा?"

बाईनं विचार केला. "राग आला की सोता जेवत नाय. पर दुसऱ्याला उपाशी बसू देत नाय."

काकांनी जसंच्या तसं टाइप केलं. सगळं मिळून सात मिनिटं झाली. कागद छापून आला, बाईनं तो हातात धरला, वाचता येत नव्हतं तरी वरून खालपर्यंत बघितला आणि घडी करून पिशवीत ठेवला. काकांनी हात जोडले. या वेळी त्यांनी चहाचं नावही काढलं नव्हतं.

बाई उठली नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"तुमी एकलेच ऱ्हाता का, सायेब?"

"व्हय."

"मग सैपाक कोन करतं?"

"मीच."

"आज काय केलं व्हतं?"

"भरीत," काका म्हणाले. "जमलं नाय. पाणी सुटलं."

"वांगं चुलीवर भाजता का गॅसवर?"

"गॅसवर."

"तिथंच चुकतंय," बाई म्हणाली. "भाजल्यावर लगीच नाय ठेचायचं. टांगून ठिवायचं जरा. पानी निथळून जातं. माझी सासू दोरीला टांगायची, तिला आमी हसायचो."

काका घड्याळाकडं बघत होते. "तुमची गाडी कितीला हाय, बाई?"

"चारची हाय, जळगाव गाडी."

"मग निघायला पायजे तुम्ही. इथून रिक्षा लवकर मिळत नाय. पावणेचार व्हत आले."

बाईनं पिशवी खांद्यावरून काढून बाजूला ठेवली. "जाऊ द्या तिला. पाचची बी असती. तुमी कांदा कच्चा टाकता का परतून?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन कॉम्प्युटर बंद केला. काका उठले, आत गेले. आतून पातेल्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला, आणि मग त्यांचा.

"बाई, चहात साखर किती टाकू?"

"हात सोडून टाका की," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून पाय पसरून नीट बसली.